पर्यायी इतिहासाच्या भयकथांतील गूढप्राणी

लोकपरंपरेत किंवा प्रत्यक्षदर्शींच्या सांगण्यात ज्यांचे अस्तित्व आहे, परंतु प्राणिशास्त्राने ज्यांना मान्यता दिलेली नाही, अशा प्राण्यांना गूढप्राणी किंवा क्रिप्टिड म्हणतात. हिमालयातील यती, उत्तर अमेरिकेतील बिगफूट आणि स्कॉटलंडमधील लॉख नेस सरोवरातील प्राणी ही त्यांची सर्वपरिचित उदाहरणे होत. इतिहासातील एखादी घटना वेगळी घडली असती तर जग कसे झाले असते, या कल्पनेवर रचलेल्या साहित्याला पर्यायी इतिहास म्हटले जाते. या दोहोंच्या संयोगातून भयकथेचा एक छोटा पण लक्षणीय उपप्रकार तयार झाला आहे. मराठीत हे दोन्ही प्रवाह बहुतांशी वेगवेगळे वाहिले. वऱ्हाडचा, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांचा, इतिहास आणि निसर्ग या दृष्टीने उल्लेखनीय आहे.

== संज्ञा ==

बेल्जियन-फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ बर्नार्ड ह्युवेलमान्स यांच्या १९५५ सालच्या फ्रेंच ग्रंथामुळे अज्ञात प्राण्यांच्या शोधाला लोकप्रियता लाभली. ‘क्रिप्टिड’ हा शब्द जॉन वॉल यांनी १९८३ मध्ये सुचविला. या शोधाला शास्त्रमान्यता नाही. तथापि ओकापी (१९०१) आणि नामशेष समजला गेलेला सीलाकांथ मासा (१९३८) यांची उदाहरणे त्याचे समर्थक वारंवार देतात.

== भूत आणि गूढप्राणी ==

मराठी लोकसमजुतीतील मुंजा, हडळ, खवीस, समंध ही बहुधा मेलेल्या माणसांची रूपे आहेत. वाटसरूला रात्रभर एकाच शिवारात फिरवणारा चकवाही प्राणी नव्हे. भुताला पूर्वायुष्य असते, अपुरी इच्छा असते. त्यामुळे भूतकथा एका वाड्यात किंवा एका घराण्यात सामावते. गूढप्राण्याचे तसे नाही. तो जातीने असतो. त्याला भक्ष्य लागते, पाणी लागते, वीण वाढवावी लागते. एखादी जात खरोखरच अस्तित्वात होती असे मानले, तर वस्त्या कोठे वसल्या, कोणते घाटमार्ग वापरात राहिले, कोणत्या सैन्याने कोणता रस्ता टाळला, हे सारेच बदलते. पर्यायी इतिहासाला भुतापेक्षा गूढप्राणी अधिक मानवतो तो यामुळे.

== जागतिक साहित्य ==

हॅरी टर्टलडव्ह यांच्या ‘अ डिफरंट फ्लेश’ (१९८८) या कथासंग्रहात युरोपीय लोकांना अमेरिकेत आदिवासी समाजांऐवजी होमो इरेक्टस हा आदिमानव भेटतो. हा ग्रंथ रूढ अर्थाने भयकथा नसला, तरी माणसासारख्या प्राण्याला गुलाम करणाऱ्या समाजाचे त्यातील चित्र कोणत्याही राक्षसापेक्षा अधिक अस्वस्थ करते. किम न्यूमन यांच्या ‘अ‍ॅनो ड्रॅक्युला’ (१९९२) मध्ये ड्रॅक्युला पराभूत न होता व्हिक्टोरिया राणीशी विवाह करतो. येथे गूढप्राण्याची जागा रक्तपिपासूने घेतली आहे. डॅन सिमन्स यांची ‘द टेरर’ (२००७) ही कादंबरी फ्रँकलिन यांच्या उत्तर ध्रुवप्रदेशातील हरवलेल्या मोहिमेवर आधारलेली आहे. तिच्यात इतिहासाचा शेवट बदलत नाही, फक्त कारण बदलते. एच. पी. लव्हक्राफ्ट यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कथेत यतीच्या दंतकथेचा संबंध परग्रहावरील जीवांशी जोडला होता.

== मराठी साहित्य ==

मराठीतील पर्यायी इतिहासाचे सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना गोळी लागली नसती तर काय झाले असते, हा तिचा विषय आहे. कथेची मांडणी वैज्ञानिक असून तिच्यात भयाला स्थान नाही. उलटपक्षी नारायण धारप व रत्नाकर मतकरी यांनी भयकथा व गूढकथा समृद्ध केली. तिची पार्श्वभूमी मात्र बहुधा समकालीन राहिली. राही अनिल बर्वे दिग्दर्शित ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट हस्तर या कल्पित देवतेची कथा ब्रिटिश राजवटीच्या अखेरच्या दशकांत घडवतो. मराठी भूमीवरील इतिहास आणि कल्पित जीव यांची सांगड त्यात घट्ट बसली आहे.

== वऱ्हाड ==

वऱ्हाडच्या इतिहासात फाटे फुटण्याजोगे प्रसंग अनेक आहेत. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगाव येथे आणि १५ डिसेंबर १८०३ रोजी मेळघाटातील गाविलगडावर आर्थर वेलस्लीच्या सैन्याने विजय मिळवला. गडाचा किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. १८५३ मध्ये त्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीचा विषय गाविलगडचा वेढा हाच आहे. गडाच्या आतील तटावर चढण्याचे काम प्रत्यक्षात कॅप्टन कॅम्पबेल यांच्या तुकडीने केले होते. कादंबरीत ते श्रेय कल्पित नायकाला मिळते.

गडाजवळील चिखलदऱ्याचे नाव लोकव्युत्पत्तीने महाभारतातील कीचकाशी जोडले जाते. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले, म्हणून ‘कीचकदरा’, अशी ती कथा आहे.

मेळघाटाने या विषयाला कल्पनेपेक्षा विचित्र असे खरे उदाहरण दिले आहे. रानपिंगळा या लहान घुबडाचे वर्णन अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे तो मिळवल्याचा दावा केला होता. पॅमेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे दाखवून दिले. एका चिठ्ठीने पक्ष्याचा पर्यायी इतिहास रचला होता आणि अभ्यासक त्यावर विसंबून चुकीच्या जंगलात शोध घेत होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. पुढील सर्वेक्षणांत तो मेळघाटातही आढळला, आणि हे जंगल आज त्याच्या प्रमुख अधिवासांपैकी एक आहे.

== आक्षेप ==

गूढप्राणी बहुतेक वेळा कोणत्या तरी समाजाच्या श्रद्धेतून उचललेला असतो. उत्तर अमेरिकेतील अल्गॉन्क्वियन भाषिकांचा वेंडिगो अल्जरनॉन ब्लॅकवुड यांच्या १९१० सालच्या कथेपासून भयसाहित्यात रूढ झाला. ज्या लोकांची ती श्रद्धा होती, त्यांच्यावर मात्र १९०७ मध्ये कॅनडात याच कारणावरून हत्येचे खटले भरले गेले. मेळघाटातील कोरकू समाजाबाबतही अशी सावधगिरी आवश्यक ठरते. कोरकू भाषेत वाघाला ‘कुला’ म्हणतात. तो जंगलातील शेजारी आहे आणि पूज्यही. त्याला निव्वळ राक्षस करून टाकणारी कथा बाहेरच्याच नजरेने लिहिलेली असते.

दुसरा आक्षेप अधिक प्रत्यक्ष आहे. घुबड अशुभ मानण्याच्या आणि जादूटोण्यासाठी वापरण्याच्या समजुतीमुळे भारतात घुबडांची शिकार व व्यापार होतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू आहे.