लिंबाच्या पानाची पारख

लिंबावरील फुलपाखराची मादी नेमके लिंबाचेच झाड हेरून त्यावर अंडी घालते, ही गोष्ट आपल्या बागवानांना फार पूर्वीपासून ठाऊक असली, तरी ती पारख कोणत्या इंद्रियाने होते याची पद्धतशीर तहकिकात मात्र बरीच उशिरा सुरू झाली. कारण मातेची उपजत प्रेरणा एवढे म्हटले की पुढे काही विचारण्याची गरजच भासत नसे.

झाकलेल्या मांसाच्या भांड्यावरील जाळीशीच अंडी घालू पाहणाऱ्या माश्या घोटाळतात, असे फ्लॉरेन्सच्या दरबारी वैद्य रेदीने १६६८ साली नोंदविले, तेव्हा घ्राणेंद्रियाचा दाखला मिळालाच होता. पुढे १९२१ मध्ये मिनिच या संशोधकाने फुलपाखरे पायांनी चव घेतात हे सिद्ध केले. परंतु डोळ्यांची जबानी घेतली ती डोरा इल्झे या जर्मन विदुषीने. अंडी घालण्यास आतुर झालेली कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराची मादी फुलांच्या रंगांचा मोह सोडून निव्वळ हिरव्या कागदावर उतरते आणि पुढच्या पायांनी त्यावर ताशा वाजवावा तसे भराभर आघात करते, हे तिने १९३७ मध्ये प्रसिद्ध केले.

हीच इल्झे पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात आली, ही गोष्ट खुद्द पुणेकरांच्याही स्मरणात फारशी नसावी. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते येथे तिने व्ही. जी. वैद्य यांच्यासह १९५६ साली लिंबावरील फुलपाखराच्या रंगदृष्टीवर केलेले काम. अंडी घालण्यात दृष्टीचा वाटा किती, याचा शोध वैद्यांनी पुढे चालू ठेवला आणि १९६९ मध्ये तो प्रसिद्ध केला.

कोवळ्या पालवीवर लिंबावरील फुलपाखराची मादी पंख फडफडवीतच क्षणभर टेकते, पुढच्या पायांवरील संवेदी केसांना पानाच्या रसायनांचा स्पर्श होतो, आणि मगच उदर वाकवून ती फिकट पिवळे, वाटोळे असे एकच अंडे चिकटविते. हिरवा रंग तिला उतरण्याची परवानगी देतो खरा, परंतु अखेरचा हुकूम पायांचा असतो; एरवी कढीपत्ता व बेल या लिंबाच्या भाऊबंदांबरोबरच, वनस्पतिशास्त्राच्या दप्तरात थेट शेंगावर्गीयांत नोंदलेल्या बावचीवरही तिने अंडी का घालावीत, याचा उलगडा नुसत्या रंगाने होत नाही.