केळवे रोड रेल्वे स्थानक

केळवे रोड हे महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील पालघर तालुक्यात असलेले एक छोटे रेल्वे स्थानक आहे. ते पश्चिम रेल्वेच्या मुंबई उपनगरी मार्गावर, विरार ते डहाणू रोड या पट्ट्यात, दक्षिणेकडील सफाळे व उत्तरेकडील पालघर या स्थानकांच्या दरम्यान येते. केळवे, माकुणसार, मायखोप इत्यादी गावांतील रहिवासी या स्थानकाचा उपयोग करतात.

नाव

वसई रोड व डहाणू रोड यांच्याप्रमाणेच येथेही 'रोड' हा शब्द स्थानक मूळ गावापासून दूर असल्याचे दर्शवितो. केळवे गाव समुद्रकिनारी आहे, तर लोहमार्ग त्याच्या पूर्वेकडून बराच आतून जातो. स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला गावात जाण्यासाठी रिक्षा किंवा अन्य वाहन घ्यावे लागते.

इतिहास

हा लोहमार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे या कंपनीने एकोणिसाव्या शतकात बांधला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही कंपनी पश्चिम रेल्वेत समाविष्ट झाली.

उपनगरी विद्युत गाड्या १९३६ मध्ये विरारपर्यंत पोहोचल्या व पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ तेथेच थांबल्या. याचे एक कारण तांत्रिक होते. विरारच्या दक्षिणेस १५०० व्होल्टचा एकदिश विद्युतप्रवाह वापरला जाई, तर उत्तरेकडील मार्गाचे विद्युतीकरण २५ किलोव्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर झाले होते. त्यामुळे जुन्या लोकल गाड्या विरारपुढे धावू शकत नसत. केळवे रोडच्या प्रवाशांना शटल, मेमू व पॅसेंजर गाड्यांवरच अवलंबून राहावे लागे. पश्चिम रेल्वेवरील उपनगरी मार्गाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर २०१२ मध्ये पूर्ण झाले आणि १६ एप्रिल २०१३ रोजी लोकल सेवा डहाणू रोडपर्यंत सुरू झाली.

रेल्वेसेवा

येथे डहाणू रोड लोकल थांबतात. यांतील बहुतेक गाड्या विरारपर्यंत व काही चर्चगेटपर्यंत धावतात. लांब पल्ल्याच्या बहुतेक जलद गाड्या न थांबता पुढे जातात. विरारपर्यंत चार मार्गिका असल्या तरी पुढील सुमारे ६४ किलोमीटरच्या पट्ट्यात दोनच मार्गिका असल्याने लोकल, मेल-एक्सप्रेस व मालगाड्या त्याच रुळांवरून न्याव्या लागतात. लोकलच्या फेऱ्या वाढविणे यामुळेच अवघड ठरते. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यात या पट्ट्याच्या चौपदरीकरणास २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली.

सफाळे-केळवे परिसरास रेल्वे अत्यावश्यक असण्याचे कारण वैतरणा खाडी हे आहे. खाडीवर रेल्वेचे पूल आहेत. मात्र किनाऱ्यालगत रस्त्याचा पूल नसल्याने मोटारीने विरारला जाण्यास पूर्वेकडील राष्ट्रीय महामार्गाचा मोठा वळसा पडतो. रेल्वे खंडित झाल्यास नोकरदार व विद्यार्थी यांना जवळचा दुसरा मार्ग उरत नसे. २०२५ मध्ये विरार-सफाळे रो-रो फेरीसेवा सुरू झाली.

परिसर

केळव्याचा समुद्रकिनारा, शीतलादेवीचे मंदिर व पोर्तुगीजकालीन किल्ला पाहण्यासाठी येणारे पर्यटक येथेच उतरतात. केळवे-माहीमचा बागायती पट्टा विड्याच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे.