नहरीच्या विवरांतील बादली

छत्रपती संभाजीनगरचा इतिहास सांगूं जातां प्रथम पाण्याचा इतिहास सांगावा लागतो. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर ह्यानें १६१० सालीं खडकी येथें नगर वसविलें. १६५३ सालीं औरंगजेबानें त्यास औरंगाबाद हें नांव दिलें, आणि २०२३ सालीं आजचें नांव अधिकृत झालें. परंतु खडकी ह्या जुन्या नांवांतच नगराची अडचण बोलून दाखविलेली होती. अशा खडकाळ भूमीवर सैन्य, बाजार आणि घरें ह्यांस पाणी पुरवावें म्हणून अंबरानें डोंगराकडील झिरपा जमिनीखालून शहरांत आणला. तीच नहर-ए-अंबरी.

ह्या विद्येचें माहेर इराण. तेथील कनात खोदण्याची रीत अशी, कीं उताराच्या ओळीवर उभीं विवरें पाडावयाचीं आणि तीं तळाशीं बोगद्यानें जोडावयाचीं. विवराच्या तोंडावर रहाट, रहाटास दोर, दोरास कातडी बादली. खालचा मनुष्य खणतो, वरचे ओढतात. वाचावयास हें काम सोपें वाटतें. पण इराणांतील खोदणारे कनातीला ‘खुनी’ म्हणत, तें कांहीं उगीच नव्हे. अंबराच्याच काळीं, १६१५ च्या सुमारास, बऱ्हाणपुरांत अशीच एक जलयोजना झाली. तिला लोक ‘खुनी भंडारा’ म्हणतात. मूळ शब्द ‘कुंडी’ असावा असें कित्येकांचें मत आहे. तरी अपभ्रंशानेंही कधीं कधीं खरें बोलावें, असा हा प्रकार आहे.

धोका कोठें असे? पहिला वजनांत. पाण्यानें भरलेली बादली पेलणारा दोर मुरुमानें भरलेली बादली पेलेलच असें नाहीं. फुटलेल्या दगडाचा भार तेवढ्याच पाण्याच्या दीडपट तरी भरतो. आणि दख्खनचा काळा दगड अखंड घेतला, तर एक घनफूटच दोन मणांहून जड. म्हणून दगडमातीची बादली कांठोकांठ भरणें हा आळस नव्हे, तर अपराधच म्हणावयाचा. शीग लावलेल्या बादलीवरील एखादा खडा विवराच्या भिंतीस घांसून निसटतो, आणि चाळीस फुटांवरून पडतांना तळाशीं त्याचा वेग ताशीं सुमारें ३४ मैल होतो. त्या प्रवासास त्याला दीड सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो. वरच्यानें हांक मारावी, खालच्यानें ती ऐकून मान वर करावी, एवढ्यांत सर्व होऊन जातें. मान वर करणें तर सर्वांत वाईट.

ह्यावर उपाय यंत्राचा नव्हता, शिस्तीचा होता. बादली वर निघाली कीं खालच्यानें बोगद्याच्या तोंडांत सरकून उभें राहावें. ती रिकामी होऊन पुन्हा तळास टेकेपर्यंत विवराखालीं येऊं नये. वरच्यांनीं कांठावर सुटा दगड ठेवूं नये, दोराचा पीळ उकलूं लागला कीं तो टाकून द्यावा, आणि कडी पक्की बसली कीं नाहीं हें दर खेपेस हातानें चांचपावें. दोर कसाही जुना असला तरी नव्या दोराला पैसे पडतात, ही तक्रार त्या काळींही मुकादमांनीं केली नसेल असें मानणें भोळेपणाचें होईल. दिवा मात्र खालीं लागेच. त्याच्या ज्योतीवरून बोगद्याची दिशा कळे, आणि ती मंदावली कीं हवा बिघडल्याचें समजे.

‘बादली’ हा शब्दही परदेशचाच, पोर्तुगीज ‘बाल्दे’पासून आलेला. मराठी माणसाच्या विहिरीवर मोट आणि पोहरा होते. त्यांनीं पाणी काढावें, तसाच बादलीनें डोंगराचा गाळ काढला. पुण्यांत पेशव्यांनीं कात्रजचें पाणी आणलें तेव्हां त्या नळाच्या वाटेवरहि उभीं विवरें ठेविलीं होतीं. त्यांना उच्छ्वास म्हणत.

नहर पुरी झाली म्हणजे बादलीचें काम संपतें असें नाहीं. पाणी वाहूं लागलें कीं गाळ सांचतो, आणि तो उपसण्यासाठीं त्याच विवरांत, तोच दोर धरून, पुन्हा कोणाला तरी उतरावें लागतें. मलिक अंबर १६२६ सालीं वारला, त्याची नहर शतकानुशतकें शहरास पाणी देत राहिली. त्याचें चरित्र इतिहासांत सविस्तर आढळतें. विवराच्या तोंडावर दोर धरून उभ्या असलेल्या माणसांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.