सातारा-सांगलीचा गलाई व्यवसाय : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
सोने, चांदी व प्लॅटिनम या राजधातूंच्या शुद्धीकरणाचा इतिहास बहुधा टांकसाळी व प्रयोगशाळांच्या आधारे लिहिला जातो. साताऱ्यातील माण व खटाव, तसेच सांगलीतील खानापूर, आटपाडी, तासगाव इत्यादी तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांनी देशभर नेलेला गलाई व्यवसाय त्यात अभावानेच आढळतो.

पार्श्वभूमी :
खानापूर व तासगाव हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याची सीमा नवी असली, तरी पर्जन्यछायेतील अवर्षण जुने व सामाईक होते. कोरडवाहू शेतीवर निर्वाह अशक्य झाल्याने तरुण परप्रांतांतील सराफपेठांत गेले. त्यांच्यामागून भाऊबंद गेले. विटा हे या व्यवसायाचे प्रमुख केंद्र ठरले.

तंत्र :
अशुद्ध सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते मुशीत वितळवितात व नंतर नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी व तांबे विरघळतात, सोने उरते. द्रावणात तांब्याचे पत्रे सोडल्यास चांदी पुन्हा मिळते. सोने व प्लॅटिनम मात्र अम्लराजात विरघळतात. द्रावणातील धातू विद्युतप्रवाहाने पृष्ठभागावर बसविणे, हे विद्युतविलेपनाचे तत्त्व होय. एमिल वोलविल यांनी १८७४ मध्ये तेच सुवर्णशुद्धीकरणासाठी योजिले. गलाईची मूस व विलेपनाची टाकी या एकाच रसायनशास्त्राच्या दोन शाखा आहेत.

कायदा व व्यवसाय :
जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी घातली. १९६८ च्या कायद्याने शुद्धीकरणास परवाना आवश्यक केला. तो १९९० मध्ये रद्द झाला. चोरीचा माल स्वीकारण्याविषयीचे भारतीय दंड संहितेतील कलम ४११ (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील कलम ३१७) मात्र या व्यवसायावर टांगते राहिले. वितळलेल्या सोन्यावर मूळ मालकाची खूण उरत नाही. त्यामुळे परमुलखातील गलाईवाल्यावर संशय सहज येतो.

निष्कर्ष :
दुष्काळाने ही माणसे गाव सोडून का गेली, हे कळते. ती परमुलखात का टिकली, हे कळत नाही. टिकण्याचे कारण त्यांचे कौशल्य व सराफांचा विश्वास यांत शोधावे लागते. परंपरेने सोनार नसलेल्या कुटुंबांनी हे कौशल्य आत्मसात केले. म्हणून कारागिरीचा इतिहास केवळ जातीच्या चौकटीत मांडणे अपुरे ठरते. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला असून धातूचा कसही यंत्रावर पाहिला जातो. हे ज्ञान ग्रंथांत नसून हातांत आहे. ज्येष्ठ गलाई कारागिरांच्या मौखिक साक्षी नोंदविणे ही स्थानिक इतिहासाची तातडीची गरज आहे.