तबकडीवर आलेलं आणि न आलेलं कोल्हापूर

विषय ग्रामोफोन कंपनीचा आहे, पण सुरुवात आपल्या गावापासूनच करू. १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले आणि जयपूर-अत्रौली घराण्याचं नाव कोल्हापूरशी कायमचं जोडलं गेलं. खाँसाहेब गेले १९४६ साली. म्हणजे आपल्या देशात ध्वनिमुद्रण सुरू झाल्यावर ४४ वर्षं ते होते. तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी नाही. हे काय गौडबंगाल आहे, ते कळायला कंपनीचा धंदा आधी समजून घ्यायला हवा.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला. गौहर जान त्याच्यासमोर गायल्या. मूळ मुद्रण जहाजानं जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, तिथं तबकड्या छापून इकडे परत यायच्या. गाणं संपल्यावर गाणारी स्वतःचं नाव सांगायची, ते त्यामुळंच. तिथल्या कामगाराला ही कोण, हे कळणार कसं? १९०८ मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. कंपनीला यंत्रंही विकायची होती. आता मराठी घरात यंत्र खपायचं तर मराठी गाणं हवंच. मग नाटकातली पदं आली, भजनं आली, लावण्या आल्या.

पण अडचण वेळेची होती. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांची. मैफलीत जो राग तासभर चालायचा, तो तीन मिनिटांत बसवायचा! त्यातही विजेचा मायक्रोफोन येईपर्यंत कर्ण्यात तोंड घालून गायचं. काही गवयांनी हे जमवून घेतलं, काहींनी त्यापासून लांब राहणं पसंत केलं.

जवळचंच उदाहरण बघा. आपल्या शेजारी मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९०४-०५ च्या सुमारास तबकडीसाठी गायले, पुन्हा १९३० नंतर गायले. त्यांची तबकडी ऐकून गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला. गुरू कधी समोर बसला नाही, तरी शिष्य घडायला सुरुवात झाली. हे तबकडीनं केलं.

अल्लादिया खाँसाहेबांचं तसं झालं नाही. त्यांचं गाणं माणसांतून पुढं गेलं. केसरबाई केरकर १९२१ पासून त्यांच्याकडे शिकल्या. केसरबाईंच्या तबकड्या निघाल्या. त्यांतली भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाली. पहिलं यान २० ऑगस्टला सुटलं, दुसरं ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. गुरूचा आवाज कुठंच नाही, त्यांच्या तालमीतला आवाज मात्र अवकाशात आहे! पण त्या साडेतीन मिनिटांवरून सगळ्या घराण्याचं माप काढू नका.

इतिहास लिहिणाऱ्यानं हे नेहमी ध्यानात ठेवावं. कंपनीच्या सूचीत जे आहे तेवढंच त्या काळातलं गाणं नव्हे. सूची सांगते काय खपेल असं वाटलं, आणि कोण गायला तयार झालं. उरलेलं गाणं बंदिशींत, शिष्यांच्या गळ्यात आणि जाणत्यांच्या आठवणींत शोधावं लागतं.

आणि जे तबकडीवर आलं, तेही सुरक्षित नाही. लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या तबकड्यांसाठी काम करते आहे. आपल्याकडे माळ्यावर एखादी पेटी असेल तर भंगारात घालण्याआधी एवढं करा: तबकड्या उभ्या ठेवा, आणि मधल्या कागदावरचं नाव आणि क्रमांक वहीत उतरवून घ्या. त्या क्रमांकावरून मुद्रणाचा काळ शोधायला मदत होते. अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत आपल्याला काही करता येणार नाही. माळ्यावरच्या पेटीच्या बाबतीत अजून येईल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.