टाचेच्या हाडात ‘सिस्ट’ निघाली, म्हणजे कॅन्सर का?

पाय मुरगळला म्हणून अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढला आणि टाचेच्या हाडात काळसर पोकळी दिसली, तर घाबरू नका. बोन सिस्ट म्हणजे कॅन्सर नव्हे. अनेकदा ती अशीच, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत सापडते.

प्रकार कोणते?
साधी सिस्ट: आत पातळ द्रव. पावलात ती बहुधा टाचेच्या हाडात असते.
गँगलियन सिस्ट: मोठ्या माणसांत, घोट्याच्या सांध्यालगत. आत जेलीसारखा द्रव.
अ‍ॅन्युरिझमल सिस्ट: आत रक्त. बहुतेकदा विशीच्या आत होते, वाढते आणि हाड पोखरते. हिला सहसा उपचार लागतातच.

उपचार काय?
लहान, न दुखणाऱ्या साध्या सिस्टवर अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवतात. मोठी असेल तर हाड मोडू शकतं. मग ती खरवडून पोकळीत हाडाचे तुकडे भरतात.

कधी थांबू नये?
रात्री झोपू न देणारं दुखणं, वाढती सूज किंवा पाय टेकवता न येणं. काही कॅन्सरही एक्स-रेत सिस्टसारखेच दिसतात. म्हणून शंका असल्यास एमआरआय आणि बायोप्सी करतात. निदान होईपर्यंत पाय चोळून घेऊ नका.