'प्लीड' म्हणजे गयावया नव्हे

ब्रिटिशकालीन खटल्यांची कागदपत्रं वाचायला घेणार असाल, तर 'प्लीड' या इंग्रजी क्रियापदाशी आधी नीट ओळख करून घ्या. 'विनवणी करणे' हा त्याचा अर्थ आपल्याला माहीत असतो आणि तोच आपण सगळीकडे लावत जातो. पण हा शब्द एकटा वाचायचा नसतो. त्याच्या शेजारी कोण बसलंय, ते बघायचं.

'प्लीड गिल्टी' म्हणजे गुन्हा कबूल, 'प्लीड नॉट गिल्टी' म्हणजे नाकबूल. यात विनवणी कुठेच नाही. आरोप वाचून दाखवल्यावर द्यायचं ते औपचारिक उत्तर आहे. 'प्लीड फॉर मर्सी' मात्र दयेची याचना, आणि 'प्लीड विथ' म्हणजे समोरच्याला काकुळतीने विनवणं.

त्या औपचारिक उत्तराचं वजन किती होतं बघा. जुन्या इंग्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याचा आरोपी गप्प राहिला तर ज्यूरीपुढे खटलाच चालत नसे. मग त्याला बोलतं करायला छातीवर वजनं ठेवत. काहीजण तसेच मेले, पण बोलले नाहीत. कारण दोषी ठरलं की मालमत्ता जप्त व्हायची. ही पद्धत 1772 मध्ये बंद झाली. पुढे 1827 च्या कायद्याने गप्प राहणं म्हणजे 'नॉट गिल्टी' असं ठरलं.

आता आपल्याकडचे दोन खटले शेजारी ठेवू. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात टिळकांवर 'केसरी'तल्या लेखांसाठी राजद्रोहाचा खटला चालला. त्यांनी गुन्हा नाकबूल केला, कित्येक तास स्वतःची बाजू स्वतः मांडली, आणि ज्यूरीने 7 विरुद्ध 2 मतांनी दोषी ठरवल्यावरही आपण निर्दोषच आहोत असं सांगितलं. शिक्षा झाली 6 वर्षं.

18 मार्च 1922 ला अहमदाबादेत 'यंग इंडिया'तल्या लेखांसाठी गांधीजी त्याच 124 अ कलमाखाली उभे राहिले. त्यांनी गुन्हा कबूल केला! मात्र दया मागितली नाही. उलट कायद्यातली कडक शिक्षा द्या म्हणाले. न्यायाधीश ब्रूमफिल्ड यांनी टिळकांच्या खटल्याचा दाखला देत तितकीच, म्हणजे 6 वर्षांची शिक्षा दिली. गांधीजींची रवानगी येरवड्याला झाली.

म्हणजे एकाने 'नॉट गिल्टी' म्हटलं, दुसऱ्याने 'गिल्टी', आणि गयावया दोघांनीही केली नाही. नोंदवहीत तुम्ही फक्त 'गांधींची प्ली' एवढंच लिहून ठेवलंत आणि सहा महिन्यांनी त्याचं मराठी 'विनवणी' केलंत, तर सगळा प्रसंगच उलटा होईल. 'गिल्टी' म्हणजे पश्चात्ताप, असं धरलंत तरी तीच गत.

अर्जांचंही असंच आहे. 'हंबली प्रे' हे शब्द अर्जाच्या ठरलेल्या साच्यातले. चिडलेला माणूसही तेच लिहायचा. आजही रिट याचिकेच्या शेवटी 'प्रेयर' असते, आणि ती वाचून कुणी वकिलाला भाविक म्हणत नाही. त्यामुळे अर्जदार किती लीन होता हे त्या दोन शब्दांवरून ठरवू नका. त्याने नेमकं काय मागितलं, ते वाचा.

तेव्हा टिपण काढताना सुटा शब्द नाही, अख्खी जोडी उतरवून घ्या. कोण बोलतंय, कुणापुढे आणि खटल्याच्या कुठल्या टप्प्यावर, हेही बाजूला लिहा. भाषांतर त्यानंतर.